शून्याच्या निम्मं

लुंबिनी हणमंतेच्या गळ्यात कार्बनचं काम पडलं, ते ती त्या दिवशी वेळेवर आली म्हणून. बाकीच्यांची गाडी सोनखेडजवळ पंक्चर झाली होती. लोह्याच्या ग्रामीण नळयोजना मंडळाच्या ऑफिसात साहेब एकटेच बसले होते. लातूरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला, एक माणूस द्या म्हणून, आणि तेवढ्यात हेल्मेट काढत दारातून लुंबिनी आत आली.

"मॅडम, तुमचं नाव दिलं बरं का," दयानंद बिराजदार साहेब म्हणाले.

"कशाला सर?"

"पर्यावरणाचं काहीतरी हाय. लातूरला जाऊन या. मग मलाबी समजून सांगा."

लुंबिनी कनिष्ठ अभियंता होती. कुठल्या वाडीची टाकी किती उंच बांधली म्हणजे शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचेल, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. पण कार्बन म्हटल्यावर तिला शाळेतलं कोळशाचं चित्र आणि टायपिंगचा निळा कागद, एवढंच आठवलं. ती लातूरला गेली.

तिथं बार्शी रोडच्या इमारतीत, तळमजल्याच्या सभागृहात, मुज्तबा काझी नावाचा तरुण अधिकारी बोलत होता. मूळचा लातूरचाच, पण शिक्षण आणि नोकरी सगळी बाहेर झालेली. मंडळानं त्याला याच कामासाठी नुकतंच घेतलं होतं. पोरगा मनापासून बोलत होता. मंडळाच्या कामकाजातून हवेत जो कार्बन जातो तो पाच वर्षांत निम्म्यावर आणायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी तीन गोष्टी धरायच्या. एक, ऑफिसच्या गाड्यांचं डिझेल. दोन, ऑफिसची वीज. तीन, कर्मचाऱ्यांचं घरून कामावर येणं-जाणं.

लुंबिनीनं हात वर केला. "सर, विजेत पंप धरायचे का? आमचे पंप दिवसरात्र चालू असतात."

"पंप पुढच्या टप्प्यात. सध्या फक्त ऑफिस."

म्हणजे नदीचं पाणी टेकडीवर चढवणारे पंप यात येत नव्हते आणि तिच्या डोक्यावरचा पंखा येत होता. असं का, ते तिला कळलं नाही, पण पुढं विचारायचा धीरही झाला नाही. तिच्या मनात दुसराच प्रश्न घोळत होता. चहाच्या आधी तिनं तोही विचारला.

"सर, येण्याजाण्याचं खरं सांगायचं का?"

सभागृहात मागच्या रांगेतून हसू फुटलं. मुज्तबाला हसण्याचं कारण समजलं नाही. "अर्थात खरं," तो म्हणाला. "खोट्यावर योजना कशी करणार?"

त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं की सरकारी माणसानं नोकरीच्या गावीच राहायचं असतं. नियम तसा आहे, घरभाडं भत्ता त्यावरच मिळतो. आणि तसं राहत कुणीच नाही. लोह्याचे लोक नांदेडहून येतात, निलंग्याचे लातूरहून येतात, आणि कागदावर सगळे जिथल्या तिथं राहतात.

लोह्याला परतल्यावर लुंबिनीनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. शिवमूर्ती काका ऑफिसातले सगळ्यांत जुने, मूळचे निलंग्याकडचे. टेबलावर गाडीची किल्ली ठेवून घाम पुसत होते.

"काका, तुम्ही ऑफिसला कशानं येता?"

"मी? चालत येतो की."

"काका, हे लातूरच्या कार्बनसाठी विचारून राहिले मी. दुसऱ्या कशासाठी न्हाई."

"कशासाठीबी विचारा मॅडम, मी चालतच येतो." त्यांनी किल्ली हळूच खिशात टाकली.

समीक्षाही चालत येत होती. नरसिंगही चालत येत होता, वर म्हणाला, "जरा दम लागतो." या तिघांना आणि आणखी एकाला रोज सकाळी नांदेडच्या लातूर फाट्यावर शिवमूर्ती काकांच्या गाडीत बसताना लुंबिनीनं स्वतः पाहिलेलं होतं. लाल सिग्नलला ती स्कूटीवर शेजारी उभी असली की समीक्षा काचेतून हात करायची.

साहेब म्हणाले, "माझं काय विचारता, मी शासकीय निवासात." त्या निवासाच्या दाराला वेल चढली होती.

आणि लुंबिनी तरी कोण लागून गेली होती? तिचा नवरा आदर्श नांदेडला एका लॅबमध्ये कामाला होता, मुलगी तिथल्याच शाळेत. कागदावर मात्र तीही लोह्यातच राहायची, बसस्टँडच्या मागं, जन्नतबीच्या घरात. साहेब सोडले तर बाकीचे सगळेही तिथंच राहायचे. जन्नतबीचा मुलगा मकबूल ऑफिसची जीप चालवायचा, त्याच्या ओळखीनं आईनं एकेकाला भाडेकरू म्हणून लिहून दिलं होतं. घर दोन खोल्यांचं आणि पुढं अंगण.

लुंबिनी संध्याकाळी तिच्याकडं गेली. "चाची, कुणी विचारायला आलं तर काय सांगाल?"

जन्नतबी भाजी निवडत होती. "मैं क्या बोलू बेटी? पुरं हापिस माझ्या दोन खोल्यांत राहतंय म्हणू? इतकी माणसं घरात हायेत, आन् चहाला एकबी येत न्हाई."

"मग नका सांगू काही."

"न्हाई सांगत. पर ह्ये कारबन म्हंजे काय हाय? मकबूल बोला, जीपबी बदलनार. बिजलीवर चालनार म्हने. हितं बत्ती राहत न्हाई, जीप कशी राहील?"

लुंबिनीनं चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी तिनं लातूरला कळवून टाकलं की लोह्याचे सगळे कर्मचारी चालत येतात. खोटं बोलल्यासारखं तिला वाटलं, आणि मग वाटलं, यात नवीन खोटं काय आहे? वर्षानुवर्षं जे लिहिलेलं होतं तेच तर तिनं परत सांगितलं.

आठवड्यानं मुज्तबाचा फोन आला. आवाज आनंदी होता, पण कुठंतरी अडखळत होता. "मॅडम, लोह्याचं फारच छान आहे. प्रवासाचा कार्बन शून्य. फक्त एक अडचण आहे. प्रत्येक ऑफिसानं निम्मं कमी करायचंय."

"सर, शून्याच्या निम्मं शून्यच होतं ना?"

"होतं. पण मग तुमच्याकडं कमी काहीच झालं नाही असं दिसतं. सगळ्यांत चांगलं ऑफिस सगळ्यांत खाली जातंय."

"मग काय करू? आधी थोडं वाढवू?"

"वाढवू नका," मुज्तबा म्हणाला. "असं करा, पुन्हा एकदा विचारून बघा. एखादा तरी लांबून येत असेल."

लुंबिनीनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. लोह्याचं नाव खाली जाणं त्यांना परवडणारं नव्हतं, लातूरच्या बैठकीत त्यांनाच उभं राहावं लागलं असतं. "तर मंडळी," ते म्हणाले, "आपल्यापैकी कुणीतरी बाहेरून येतं, असं निघायला पाहिजे."

कुणी खिडकीकडं पाहिलं, कुणी पंख्याकडं.

"मी न्हाई," शिवमूर्ती काका म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिली रिटायरला. आता कशाला इषाची परीक्षा?"

"माझं प्रमोशन हाय," समीक्षा म्हणाली.

नरसिंगनं बुटाची लेस बांधायला घेतली. लुंबिनीला एकाएकी त्या खोलीचा कंटाळा आला. पुढं तिनं पुष्कळदा आठवून पाहिलं की आपण ते धाडस म्हणून बोललो, की खरेपणा म्हणून, की घरी जायला उशीर होत होता म्हणून. तिला ते कधीच नीट सांगता आलं नाही.

"माझं कळवा सर," ती म्हणाली. "मी नांदेडहून स्कूटीवर येते."

साहेबांचा चेहरा खुलला. जणू तिनं वर्गणीतला मोठा वाटा उचलला होता.

घरी आदर्शनं ताटावरून मान वर केली. "तू कशाला सांगितलंस?"

"कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं."

"पण येतात तर सगळेच."

"ते कुठं म्हणतात येतो म्हणून? कागदावर आता अख्ख्या ऑफिसचा धूर माझा एकटीचा हाय."

आदर्शला हसू आलं, मग ते मावळलं. "आणि भत्ता?"

"त्याचं मी विचारलं न्हाई."

ते तिला विचारावं लागलंच नाही. लातूरच्या त्याच इमारतीतून, एकाच आठवड्यात, तिला दोन निरोप आले. तळमजल्यावरून मुज्तबानं अभिनंदन कळवलं की प्रामाणिक माहिती देणाऱ्या मोजक्या लोकांत तुमचं नाव आहे. आणि वरच्या मजल्यावरून, आस्थापना शाखेकडून, विचारणा झाली की आपण मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत नाही असं निदर्शनास आलं आहे, तरी तात्काळ खुलासा करावा.

तिनं मुज्तबाला फोन लावला. "सर, मी बरोबर केलं का चूक केलं, तेवढं सांगा."

"मी वर जाऊन विचारतो," तो म्हणाला. तासाभरानं त्याचा फोन आला तेव्हा त्याचाही आवाज गोंधळलेला होता. "मॅडम, वरचे म्हणतात, माहिती खरी दिली ते चांगलं केलं. पण ती खरी आहे हे वाईट आहे."

दोन दिवसांनी तो स्वतः लोह्याला आला. लातूरहून एसटीनं आला, माळाकोळीजवळ बस बिघडली, दुपार कलताना धुळीनं माखून उतरला. मकबूलनं त्याला आधी पाणी दिलं. सगळे केबिनमध्ये जमले. मुज्तबाला लुंबिनीची बाजू सावरायची होती. एवढा लांबचा प्रवास स्कूटीवर म्हणजे काही फार मोठं पाप नव्हे, हे त्याला पटवून द्यायचं होतं. तो समजावू लागला की एकटा माणूस मोटारीतून आला तर किती धूर, स्कूटीवर आला तर किती कमी.

"आणि समजा चौघं मिळून एकाच मोटारीत आले," तो म्हणाला, "तर माणशी जवळपास स्कूटीइतकंच पडतं. तेही चांगलंच."

शिवमूर्ती काकांनी मान उचलली. "स्कूटीइतकंच?"

"हो. गाडी चांगली ठेवली असेल तर थोडं कमीच."

काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलत होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"मंग आमचं कौतुक कुणी करायचं?" ते म्हणाले. "आम्ही चौघं किती वर्षं झाली एका गाडीत येऊन राहिलो. लातूर फाट्यावरून बसतो. कुणाची सुट्टी असली तरी उरलेले एकाच गाडीत. तवा तुमच्या कार्बनचं नावबी निघालं न्हवतं. आन् अभिनंदन फक्त मॅडमचं?"

साहेबांनी डोळे मिटले.

"हाव," समीक्षा हळू आवाजात म्हणाली. "मी मागं बसते."

"मीबी," नरसिंग म्हणाला. "दम लागतो ते खोटं होतं."

लुंबिनी एकेकाकडं पाहत राहिली. खुलाशाचं पत्र पर्समध्ये घेऊन ती दोन-तीन दिवस एकटी हिंडत होती. तेव्हा यातल्या एकानंही तोंड उघडलं नव्हतं, आणि आता स्कूटीपेक्षा आपली मोटार कमी नाही एवढ्यासाठी काकांनी सगळं ओकून टाकलं होतं. तिला राग यायला हवा होता. तो येईना. उलट हलकं वाटलं, आणि त्याचंही तिला नवल वाटलं.

मुज्तबा साहेबांकडं वळला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "सर, आपण?"

"मी शनिवार-रविवार लातूरला असतो," बिराजदार साहेब म्हणाले.

"आणि बाकीचे दिवस?"

साहेबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "बाकीचे दिवस नांदेडहून येऊन-जाऊन."

मग सगळ्यांनाच खुलासे मागवले गेले. पण एकीला विचारणं सोपं होतं, अख्ख्या ऑफिसला विचारल्यावर वरच्या मजल्याची पंचाईत झाली. लोह्याचं पाहून निलंग्याच्या आणि आणखी कुठकुठल्या ऑफिसांनीही खरं सांगायला सुरुवात केली होती. सगळ्यांवर कारवाई करायची तर ती करायला बसणाऱ्यांपैकी कोण कुठून येतं, हाही प्रश्न निघाला असता. प्रकरण विचाराधीन राहिलं. ते अजून तसंच आहे.

मुज्तबाला मात्र पहिल्यांदाच खरी माहिती मिळाली होती. त्यानं रात्रंदिवस खपून योजना केली आणि ती मंजूरही झाली. लोह्याच्या लोकांनी आठवड्यातले दोन दिवस, मंगळवारी आणि बुधवारी, मंडळाच्या नांदेडच्या ऑफिसातच बसून काम करायचं, गुरुवारी घरूनच करायचं, आणि उरलेल्या दिवसांत सगळ्यांनी एकाच गाडीनं यायचं. प्रवास निम्म्याहून कमी झाला. लातूरच्या बैठकीत बिराजदार साहेबांना गुलाबाचं फूल मिळालं. जो नियम मोडल्याबद्दल खुलासे मागवले होते, तो मोडण्याचीच आता घडी बसवून दिल्यासारखं झालं होतं. हे कसं, असं लुंबिनीनं एकदा शिवमूर्ती काकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, चांगलं चाललंय, त्यात कशाला बोट घालता?"

तिलाही ते चांगलंच वाटत होतं. बुधवारी ती मुलीला शाळेतून स्वतः आणायची. मुलगी हात धरून वाटभर बोलत राहायची.

तिसऱ्या बुधवारी दुपारी जन्नतबीचा फोन आला.

"बेटी, कुठं हाय तू?"

"नांदेडच्या ऑफिसात, चाची. काय झालं?"

"माझ्या अंगणात बाया येऊन बसल्यात. वाडीवरच्या. नळाला दोन दिस पानी न्हाई. हापिसाला कुलूप हाय. कुनीतरी त्यान्ला सांगितलं, समदे सायेब लोक जन्नतबीच्या घरात राहत्यात. आता त्या म्हन्तात, सायेबाला उठवा. मैं किसकू उठाऊ?"

लुंबिनीनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, उद्याही कुणी नाही, परवा बघू. ती पाच मिनिटं बसून राहिली. मग आदर्शला फोन केला की मुलीला तू आण, आणि हेल्मेट घेतलं.

जन्नतबीचं अंगण भरलं होतं. कुणी घागर टेकवून बसलं होतं, कुणी भिंतीला डोकं लावलं होतं. जन्नतबीनं सगळ्यांना चहा केला होता. पुढं गुणाबाई नावाची म्हातारी बाई बसली होती, तीच बोलत होती. लुंबिनीनं मकबूलला बरोबर घेतलं, पाइपलाइनवरच्या माणसाला गाठलं आणि बायांच्या टेम्पोमागं वाडीवर गेली. मोठं काही नव्हतं. टाकीखालचा व्हॉल्व्ह अडकला होता. ऊन उतरायच्या आत पाणी सुटलं. पण सांगायला कुणी नाही म्हणून ते दोन दिवस अडलं होतं.

निघताना गुणाबाई तिच्याजवळ आली. "बाई, राग न्हाई बरं. इचारते. मंगळवारी, बुधवारी हापिस बंद का असतंय?"

लुंबिनीनं नीट सांगायचा प्रयत्न केला. हवेत धूर जातो, त्यानं ऊन वाढतं, पाऊस बिघडतो. मंडळानं ठरवलंय आपला धूर कमी करायचा. आम्ही रोज लांबून यायचो, त्याचा धूर व्हायचा. आता कमी येतो.

गुणाबाईनं मन लावून ऐकलं. ऊन वाढलंय हे तिला मान्य होतं. "चांगलं हाय," ती म्हणाली. मग थोडा वेळ विचारात पडली. "पर आम्ही टेम्पो करून गेलो लोह्याला. काल बी गेलो, कुलूप बघून माघारी आलो. आज पुन्हा गेलो. त्यो धूर कुणाच्या नावावर?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. लुंबिनीलाही.

संध्याकाळी तिनं मुज्तबाला फोन करून सगळं सांगितलं. टेम्पोचं सांगितलं, स्वतःच्या स्कूटीचंही सांगितलं.

"मॅडम, हे मी धरलंच नव्हतं," मुज्तबा म्हणाला. "लोक आपल्याकडं येतात तो प्रवास. कुठल्या खात्यात धरायचा ते मला माहीत नाही. बघून सांगतो."

"आणि माझा आजचा?"

"तोही बघतो."

पुढच्या बुधवारी सकाळी लुंबिनीनं साहेबांना कळवलं की ती लोह्याला जाते आहे. साहेब म्हणाले, "जा, पण कुठं कळवू नका. आपला आकडा बिघडंल." तिनं स्कूटी घरी ठेवली आणि एसटी पकडली. बस तशीही जाणारच होती, ती बसली काय आणि न बसली काय. हा विचार बरोबर आहे का, याचीही तिला खात्री नव्हती.

ऑफिस उघडून तिनं खिडक्या उघडल्या. पंखा लावावा की नाही यावर क्षणभर थांबली, मग लावला. दुपारपर्यंत तिघं-चौघं येऊन गेले. एकाची मोटर जळली होती, एकीला नवीन नळजोड हवा होता, एक म्हातारा नुसताच सावलीला बसला. जेवणाच्या वेळी दारात शिवमूर्ती काका दिसले. नांदेडहून एसटीनंच आले होते, शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, तुम्ही कशाला आलात?"

"तिकडं करमेना," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवरची धूळ झटकू लागले. "सगळे नळाचंच इचारून राहिले फोनवर. म्हटलं, चार माणसं समोर बसली तर बरं."

आता दर बुधवारी ते दोघं लोह्याला असतात. कधी समीक्षाही येते. हा प्रवास कमी झालेल्यात धरायचा की वाढलेल्यात, हे लातूरहून अजून कळलेलं नाही. लुंबिनी महिन्यातून एकदा फोन करून विचारते. मुज्तबा म्हणतो, विषय वर पाठवलाय.